तिघांच्या फोटोतली चौथी

माझ्या डाव्या डोळ्याची पापणी उजवीपेक्षा साधारण एक मिलिमीटर कमी मिटते. मला आडवे केले की डोळे बंद होतात, उभे केले की उघडतात. पण डाव्या डोळ्यात एक बारीक फट कायम राहते. पापणीच्या मागे शिशाची छोटी गोळी असते. ती बसवताना कारखान्यातल्या बाईला शिंक आली आणि गोळी जरा तिरकी बसली. एवढेच कारण. पण त्यामुळे मला कुणी निजवून ठेवले तरी थोडेसे दिसत राहते.

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या हाय फोंग या बंदराच्या शहरात, खेळण्यांच्या एका सहकारी कारखान्यात मी तयार झाले. कडक प्लास्टिकचे अंग, ब्रशने रंगवलेले गाल, निळा फ्रॉक, उंची अडतीस सेंटिमीटर. एखादी मुलगी मला घरी नेईल, माझी वेणी घालेल, असे मला वाटत होते. मला नेले ते चाळिशीच्या एका फोटोग्राफरने.

त्यांचे नाव लाम. ताम बाक नदीजवळच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. त्या काळात दुकानात जे मागावे ते नसायचे. लामभाऊ गेले होते बॅटरीचे सेल आणायला.

"सेल आणायला गेलात आणि हे काय उचलून आणलंत?" त्यांच्या बायकोने दारातच विचारले. "घरात पोर ना बाळ, बाहुली कुणाला?"

"पोरासाठी नाही आणली," लामभाऊ म्हणाले. "तिघांसाठी आणली."

त्यांच्या बायकोला लगेच समजले. आमच्याकडे तिघे जण मिळून फोटो काढत नाहीत. काढला तर मधल्याचे काही खरे नाही, तो आधी जातो, असे लोक मानतात. तीन बहिणी आल्या, तीन मित्र आले, आई-वडील आणि एकुलता मुलगा आला, की लामभाऊंची पंचाईत व्हायची. रस्त्यावरून कुणाला तरी बोलवायचे, नाहीतर शेजारच्या न्हाव्याला हातातला वस्तरा ठेवून यायला लावायचे. न्हावी वैतागला होता. "अर्ध्या शहराच्या घरात माझा फोटो आहे," तो म्हणायचा, "आणि मला जेवायला कुणी बोलवत नाही."

मी आल्यावर न्हावी सुटला. तिघे आले की लामभाऊ मला फळीवरून काढत, फ्रॉक झटकत आणि कुणाच्या तरी मांडीवर बसवत. झाले चार. त्यांनी माझे नावच 'चौथी' ठेवले होते. बोटीवर निघालेल्या तीन खलाशांनी मला खांद्यावर घेतले. पदवी मिळालेल्या तीन मुलींनी माझे हात धरले. "चौथी नसेल तर दुकान बंद करावं लागेल," असे लामभाऊ गिऱ्हाइकांना सांगत आणि माझे प्लास्टिकचे गाल उगाचच गरम झाल्यासारखे वाटत.

स्टुडिओत मागे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर समुद्र, माड आणि पाच मजली हॉटेल. शहरात असे हॉटेल तेव्हा नव्हते. एक रेडिओ होता, त्याच्या आत काहीही नव्हते. खुंटीला एक पांढरा शर्ट होता, कॉलर अडतीस नंबरची, तो गिऱ्हाइकांना घालायला देत. कारण यातले बरेचसे फोटो घरात लावायला नसायचेच. ते परदेशी जायचे. कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ तिकडच्या गिरणीत कामाला गेलेला असायचा. त्याने पाकीट उघडावे, आणि आपली माणसे नीट कपड्यांत, हसऱ्या तोंडाने, समुद्राकाठी बसलेली पाहून सुखाने झोपावे, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. मला त्यात कधी लबाडी वाटली नाही.

सत्याऐंशीच्या वसंतात तोआन यांचे कुटुंब पहिल्यांदा आले. तोआन बंदरात क्रेन चालवत. त्यांची बायको न्यान डबाबंद मासळीच्या कारखान्यात होती. मुलगी येन वीस वर्षांची, मुलगा विन्ह बारा वर्षांचा. येन पुढच्या आठवड्यात चेकोस्लोव्हाकियातल्या कापडगिरणीत निघाली होती. ते चौघे होते, म्हणून माझी गरज पडली नाही. मी फळीवरूनच पाहत होते. न्यानवहिनींनी मुलीचा हात असा धरला होता की फोटोत तिची बोटे पांढरी पडलेली दिसतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा आले. तेत, म्हणजे आमचे नवे वर्ष, त्याआधी फोटो येनला पोचायला हवा होता. आता ते तिघे होते. लामभाऊंनी मला खाली काढले.

"हिला कोण घेणार?"

न्यानवहिनींनी हात पुढे केले आणि मला मांडीवर घेतले. येन जिथे उभी होती, बरोबर त्या बाजूला.

"बघ, चौघं झालो की नाही पुन्हा," तोआन म्हणाले. "ही तर येनपेक्षा बरी. उलट उत्तर देत नाही."

"तुम्ही गप्प बसा हो," न्यानवहिनी म्हणाल्या. त्यांनी माझा फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढला.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी त्या मांडीवर बसले. खुर्ची तीच, कॅमेरा तोच, कॅमेऱ्यापासूनचे अंतर लामभाऊंनी फरशीवर खडूने आखलेले. तोआन दर वर्षी खुंटीवरचा तोच पांढरा शर्ट घालत. पहिल्या वर्षी त्याचे वरचे बटण लागता लागत नव्हते. तिसऱ्या वर्षी ते सहज लागले. पाचव्या वर्षी बटण लावूनही कॉलर आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटे बसतील एवढी जागा होती. मी मांडीवर होते, शेजारीच. मला ती जागा दिसत होती. त्यांचा खोकलाही मी मोजला होता. पहिल्या वर्षी एकदाही नाही. पाचव्या वर्षी लामभाऊ काळ्या कापडाखाली शिरून बाहेर येईपर्यंत चार वेळा.

त्या पाचव्या वर्षी बायको-मुलगा बाहेर गेल्यावर तोआन मागे थांबले.

"लाम, गालात जरा मांस भर."

"म्हणजे?"

"तू पेन्सिल फिरवतोस ना, त्यातलं. पोरगी लांब आहे, उगाच घोर लावून घेईल. रेशनवर मांस मिळत नव्हतं तेव्हासुद्धा तुझ्या पेन्सिलीत भरपूर होतं."

दोघे हसले. लामभाऊंनी दोन वर्षे आधीपासूनच, न सांगता, पेन्सिल फिरवायला सुरुवात केली होती हे मला माहीत होते. निगेटिव्हवर चेहऱ्याची खोलगट जागा पारदर्शक असते. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा मारल्या की छापलेल्या कागदावर ती जागा उजळ होते, खड्डा भरून येतो. लामभाऊंचा हात फार हलका होता. तोआन कागदावर गुटगुटीत दिसले. लामभाऊंनी त्या दिवशी "डॉक्टरकडे जा" असे म्हणायला तोंड उघडले होते. मग त्यांनी शर्ट झटकला आणि खुंटीला लावला.

येनची पत्रे न्यानवहिनी स्टुडिओत घेऊन येत आणि लामभाऊंना वाचून दाखवत. गिरणी बंद पडली होती, पण येन तिकडेच राहिली. बाजारात कपड्यांचा गाळा चालवत होती. एका पत्रात तिने लिहिले होते, 'इथल्या लोकांना आपल्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक आहेत, लढाई आणि भाताची शेतं. घरमालकीण बाईंनी विचारलं, तुमच्याकडे जिने असतात का? मी तुमचा फोटो दाखवला, मागचं हॉटेल दाखवलं.'

"जिना?" तोआन म्हणाले. "मी रोज क्रेनच्या एकशे बारा पायऱ्या चढतो म्हणावं."

ब्याण्णव साली आलेले पत्र मला शब्दन् शब्द आठवते. येनच्या गावातल्या ग्रंथालयात 'आपले शेजारी' नावाचे प्रदर्शन भरणार होते. बाहेरून आलेल्या लोकांच्या कुटुंबांचे फोटो लावणार होते. 'या वर्षी फोटोत बाहुली घेऊ नका,' येनने लिहिले होते. 'मी मागचा फोटो दाखवला तर ग्रंथालयातली बाई हसली. मोठी माणसं बाहुली घेऊन का बसतात, विचारलं. मी तिघांचं कारण सांगितलं, तर आणखीच हसली. आई, इथे आधीच आपल्याला कुणी शहरातलं समजत नाही. एवढ्या वेळी नको.'

न्यानवहिनी तयार नव्हत्या. तोआननी त्यांच्या मांडीवरून मला उचलले आणि फळीवर ठेवले.

"पोरीला लाज वाटते तर नको. आणि मधे मी बसतो. मला काय होतंय?"

लामभाऊंनी एकदा विचारले, "न्हाव्याला बोलावू का?"

"तो तिकडे माझा भाऊ म्हणून लागेल," तोआन म्हणाले. "तेवढी बेअब्रू नको."

फोटो निघाला. मी फळीवरून पाहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला तिघांचा फोटो.

वसंतात येनने तिकडच्या छापील पत्रकाचे कात्रण पाठवले. फोटोखाली काय लिहिले आहे ते तिने आपल्या भाषेत शेजारी लिहिले होते, आणि अक्षरावरून दिसत होते की ते लिहिताना ती रागावली होती. 'व्हिएतनामच्या खेड्यातील साधे, समाधानी शेतकरी कुटुंब.'

तोआन इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि बराच वेळ थांबला नाही. "शेतकरी! अरे, मी कुंडीत मिरची लावली ती पण मेली."

त्या ऑगस्टमध्ये तोआन गेले. फुप्फुसाचा आजार होता. बराच जुना आहे, असे डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांचे शब्द न्यानवहिनींच्या कानात शिरलेच नाहीत. त्यांना एकच दिसत होते. नोव्हेंबरात तिघे बसले होते, मधला ऑगस्टमध्ये गेला. आणि चौथीला काढा, असे लिहिणारी त्यांची मुलगी होती.

मित्रांनो, वहिनी मुलीला दोष देत होत्या, असे समजू नका. उलट होते. येनला कळले तर ती काय समजेल, या एका विचाराने त्या घाबरल्या होत्या. परक्या गावात एकटी मुलगी. वडील गेले, आणि आपल्या पत्रामुळे गेले, हे घेऊन तिने कसे जगायचे? म्हणून त्यांनी कळवलेच नाही. तिकडे असलेल्या ओळखीच्या दोन-चार जणांनाही निरोप पाठवून बजावले.

त्या नोव्हेंबरात न्यानवहिनी आणि विन्ह आले तेव्हा दोघांच्या छातीवर सुतकाची काळी पट्टी होती. दोघांनी ती काढून लामभाऊंच्या टेबलावर ठेवली.

"जुन्या फोटोतून त्यांना इथे लावता येतील?" वहिनींनी विचारले.

लामभाऊंनी लावले. चार वर्षांपूर्वीच्या फोटोतले तोआन कात्रीने कापले, मायलेकांच्या फोटोवर चिकटवले, कडेची रेघ रंगाने बुजवली आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. आता कागदावर तिघे होते. म्हणून वहिनींनी मला पुन्हा मांडीवर मागून घेतले. दोन जिवंत माणसे, एक गेलेला माणूस आणि एक बाहुली. येनचे उत्तर आले, 'बाबा छान दिसतात. पत्र का लिहीत नाहीत?' वहिनींनी कळवले, 'हात दुखतो.'

दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. विन्ह आता गोदीत वेल्डिंग करत होता. त्याला हे सोसत नव्हते.

"आई, आपण म्हातारे होतोय आणि बाबा आहेत तिथेच आहेत. अजून थोडी वर्षं गेली की ते माझे धाकटे भाऊ दिसतील."

"लामकाकांसमोर काहीही बडबडू नकोस."

"लामकाकांसमोरच बडबडतो. कात्री त्यांच्याच हातात आहे."

लामभाऊ खाली मान घालून कागद कापत राहिले.

एव्हाना माझेही दिवस फिरले होते. शहरात रंगीत फोटोंची दुकाने निघाली, घरोघरी छोटे कॅमेरे आले. तिघांनी फोटो काढू नये हे लोक अजून मानत होते, पण आता कुणीही हातात खेळणे नाहीतर फुलांची कुंडी धरून चौथा करून टाकायचा. माझी फळी गेली. मी कपाटात आडवी पडून असायचे, माझ्या फ्रॉकला झुरळाने भोक पाडले. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, दार उघडायचे.

तिथे पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला. मित्रांनो, मी बाहुली आहे, मला बोलता येत नव्हते. लामभाऊंना येत होते. मला जी दोन बोटांची जागा दिसली ती त्यांनाही भिंगातून दिसली होती. तुमच्या घरी एखादे माणूस दर वर्षी थोडे थोडे बारीक होत असेल, तर फोटोत ते कसे दिसते याची काळजी करू नका. त्याला समोर बसवा आणि विचारा. लाज वाटली तरी विचारा. एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते सांगायला मला एवढी सगळी गोष्ट लागली.

आता शहाण्णवच्या नोव्हेंबरातला तो दिवस. दुपार होती. न्यानवहिनी आणि विन्ह आले ते भांडतच.

आमच्याकडे माणूस गेल्यावर तीन वर्षे भरली की थंडीच्या दिवसांत कबर उघडतात. अस्थी सुगंधी पाण्याने धुऊन, पुसून, छोट्या मातीच्या पेटीत ठेवतात आणि कायमच्या जागी नेतात. तेव्हा मुलांनी हजर असावे लागते. ते झाले नाही तर गेलेल्या माणसाला आपले घर सापडत नाही. तोआन यांचा दिवस पाच आठवड्यांवर आला होता.

"मी एकटा नाही करणार," विन्ह म्हणत होता. "ती मोठी आहे. तिनं डोक्याला सुतकाचं पांढरं फडकंसुद्धा बांधलेलं नाही. तिला न विचारता तू तिच्याकडून ते काढून घेतलंस, आई."

"आणि ती विचारेल, कधी? कशानं? मग काय सांगू? महिने तिला मोजता येतात."

"खरं सांग."

"खरं काय आहे ते तुला माहीत आहे!" वहिनी ओरडल्या. मग आवाज खाली आला. "ती मरेल रे तिकडे. एकटी खोलीत बसून मरेल."

लामभाऊंनी दाराचा पडदा ओढला. मला वाटले, ते कात्री घेतील. त्यांनी कपाट उघडून, मला बाजूला सारून, एक चपटा डबा काढला आणि त्यातले सहा फोटो टेबलावर ओळीने मांडले. सत्याऐंशी ते ब्याण्णव. कागद नवे होते. कपाटाचे दार उघडेच राहिले आणि डाव्या डोळ्याच्या फटीतून मला टेबल दिसत होते.

"वहिनी, मी काल रात्रभर जुन्या निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. टर्पेंटाइनने जाते ती. मग पुन्हा छापले. हे बघा."

न्यानवहिनी वाकल्या. पहिल्या फोटोतले तोआन त्यांच्या ओळखीचे होते. दुसऱ्यातलेही. तिसऱ्यापासून गालांत सावली होती. चौथ्यात डोळ्यांखाली. पाचव्या फोटोत, जिथे मी वहिनींच्या मांडीवर बसलेली आहे आणि माणसे हिशेबाने चार आहेत, तिथे तोआन यांच्या गळ्याच्या दोन्ही शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या.

"शर्ट तोच आहे," लामभाऊ म्हणाले. "खुर्ची तीच. कॅमेरा मी तसूभर हलवला नाही. फक्त कॉलर बघा, वहिनी. ओळीनं बघत या."

वहिनींनी एकेका कॉलरवर बोट ठेवले. पाचव्यावर बोट थांबले. सहावा, तिघांचा फोटो, त्यांनी उलटा करून ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. पाचव्यात आणि सहाव्यात फार फरक नव्हता.

"बाहुली होती तेव्हाच ते आजारी होते," विन्ह हळूच म्हणाला.

"तीन वर्षं आधीपासून," लामभाऊ म्हणाले.

न्यानवहिनींनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"दर वर्षी?"

"हो."

"आणि तुम्ही गाल भरत बसलात."

"पहिल्यांदा मी आपणहून भरले. मग ते म्हणाले, पोरगी लांब आहे, भर." लामभाऊंनी टेबलावरची कात्री दूर सारली. "मी म्हणायला हवं होतं, तोआन, आधी दवाखान्यात जा. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, गिऱ्हाईक आहे, वाईट वाटेल. त्या तिघांच्या फोटोचा दोष पोरीवर येईल म्हणून तुम्ही तो झाकत राहिलात आणि मी माझा दोष त्याच्याखाली झाकला. मला फोटो चिकटवून द्यायला बरंच वाटत होतं, वहिनी. ते कागदावर होते तोवर मला विचारणारं कुणी नव्हतं."

बाहेरून खेकड्याच्या रश्शातल्या शेवया विकणाऱ्या बाईचा आवाज गेला. वहिनींनी हात उचलला तेव्हा मला वाटले, त्या लामभाऊंना मारतील. लामभाऊंनाही तसेच वाटले असावे, ते हलले नाहीत. वहिनींनी पाचवा फोटो उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. त्यांचा अंगठा तोआन यांच्या खोल गालावरून वर-खाली फिरत राहिला, पेन्सिल फिरावी तसा, पण काही भरत नव्हता.

"असे दिसत होते ते," त्या म्हणाल्या. "मी रोज शेजारी जेवायला बसत होते आणि मला तुमच्या कागदावरचे दिसत होते."

विन्ह त्यांच्या जवळ गेला. त्याने खांद्यावर हात ठेवला नाही, नुसता शेजारी उभा राहिला.

लामभाऊंनी सवयीने कात्री पुढे ओढली आणि विचारले, "मग आजच्या फोटोत... कुठल्या वर्षातले लावू?"

"कुठल्याच नको, लामभाऊ. ते गेलेत," न्यानवहिनी म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. त्यांनी सहाही फोटो गोळा केले, पदवीचा कागद धरावा तसे दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि मुलाकडे वळल्या. "विन्ह, पोस्टात चल. येनला फोन लाव. तिचे बाबा गेले हे तिला मी सांगणार, माझ्या तोंडानं, आजच."